मास्टरमोशाय

भारताच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीत शिवाजी महाराजांचं चित्र आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? निवडणुकांविषयीचा जो पंधरावा भाग आहे, त्याच्या सुरुवातीला महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. घटनेच्या प्रत्येक भागाच्या डोक्यावर असं एकेक चित्र आहे. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरच्या बैलापासून सुरुवात होते आणि रामायण, बुद्ध, अशोक, अकबर, झाशीची राणी, गांधीजी, नेताजी करत करत शेवटी हिमालय, वाळवंट आणि समुद्र येतो. इकडे अमेरिकेत जन्मलेल्या माझ्या मुलीला मी इंटरनेटवर ही पानं दाखवली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, कायद्याच्या पुस्तकात चित्रं कशाला? मग दुसरा, ही काढली कोणी?

काढली नंदलाल बोस यांनी आणि शांतिनिकेतनातल्या त्यांच्या शिष्यांनी. आज मला या माणसाविषयी लिहायचंय. चित्रकार म्हणून ते मोठे होतेच, त्यावर पुस्तकं आहेत. पण मला त्यांचं जास्त कुतूहल आहे ते मास्तर म्हणून. शांतिनिकेतनात सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणत. मोशाय म्हणजे महाशय. आपल्याकडे मास्तर या शब्दाला एक छडीचा वास येतो, तसा बंगालीतल्या या शब्दाला नाही.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ चा, बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यातल्या हवेली खडगपूरचा. वडील दरभंगा संस्थानच्या नोकरीत. आईला बाहुल्या, रांगोळी, असल्या हस्तकलेची फार हौस. ती नंदलाल लहान असतानाच गेली. गावातले कुंभार, मूर्ती घडवणारे कारागीर यांच्याकडे तासन्‌तास बसून राहणारं हे पोर पुढे शिक्षणासाठी कलकत्त्याला आलं आणि तिथे व्हायचं तेच झालं. कॉलेजात काही केल्या पास होईना. पाठ्यपुस्तकांच्या कडा चित्रांनी भरलेल्या, आणि फीचे पैसे चित्रं छापणारी मासिकं घेण्यात खर्च. तोपर्यंत लग्नही झालेलं होतं (१९०३ साली, सुधीरादेवींशी), म्हणजे सासरच्या मंडळींच्या काळजीत आणखी भर! आपल्या घरात असं मूल असतं तर आपण काय केलं असतं, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनात उत्तर द्यावं. मी इथे देत नाही.

१९०५ च्या सुमाराला हा तरुण कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकुरांसमोर जाऊन उभा राहिला. अवनींद्रनाथ म्हणजे रवींद्रनाथांचे पुतणे. प्राचार्य हॅवेलसाहेबांनी या शाळेत त्या काळात मोठी खळबळ केली होती. युरोपियन पुतळ्यांवरून नक्कल करत बसण्याऐवजी मुलांना भारतीय चित्रकला दाखवावी, असा त्यांचा हट्ट. नंदलालांनी सोबत आपली चित्रं नेली होती, आणि परीक्षा म्हणून तिथे बसून गणपती काढून दाखवला, असं सांगतात. आपल्या लोकांना हे वाचून बरं वाटेल. प्रवेश मिळाला, आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या शिव आणि सतीच्या चित्राला ५०० रुपयांचं बक्षीसही मिळालं. त्या काळचे ५०० रुपये!

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. नंदलालांनी एकदा उमेच्या तपश्चर्येचं चित्र काढलं. शंकरासाठी तप करणारी पार्वती. चित्रात रंग अगदी बेताचे, दागदागिने नाहीत, सजावट नाही. अवनींद्रनाथांनी पाहिलं आणि गुरू म्हणून सहज सुचवलं, की जरा रंग भर, उमेला थोडं नटव, कपाळाला काही लाव, एखादं फूल दे. शिष्याने मान डोलावली आणि चित्र घेऊन गेला. अवनींद्रनाथ घरी आले, आणि रात्री त्यांना झोपच लागेना. विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं, की नंदलालने जी उमा पाहिली ती तपाने सुकलेली उमा आहे. तप करणाऱ्या मुलीच्या अंगावर नटवेपणा कुठून येणार? मला दिसली ती उमा माझी, त्याला दिसली ती त्याची. पहाट होताच ते धावत नंदलालकडे गेले. नंदलाल चित्र पुढ्यात घेऊन रंग लावायच्या बेतातच होते. अवनींद्रनाथांनी हात थांबवला. अगदी वेळेवर पोचलो, नाहीतर एक चांगलं चित्र माझ्या हातून मेलं असतं, अशा अर्थाचं त्यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगून ठेवलंय.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. अवनींद्रनाथ हे त्या वेळचे देशातले नामवंत चित्रकार. त्यांनी एक सूचना केली, तीही वाईट नव्हती. तरी त्यांची झोप उडाली. आणि विद्यार्थ्याकडे दुसऱ्या दिवशी बोलावून नाही, स्वतः उठून धावत गेले.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांची चित्रकला स्पर्धा असते. गेली बारा-तेरा वर्षं ती घेण्याचं काम माझ्याकडे आहे, कारण लहानपणी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षा मी दिल्यात आणि बायोडेटात नसली तरी ही माहिती मंडळात सर्वांना आहे! त्या स्पर्धेत मी दरवर्षी एक गंमत बघते. मुलं खाली बसून चित्रं काढतात, आईवडील मागे उभे. पहिली दहा मिनिटं सगळे शहाण्यासारखे वागतात. मग कुणाचा तरी हात पुढे येतो. एका वर्षी सहा-सात वर्षांच्या एका मुलाने मोदकांचं ताट एवढं मोठं काढलं, की गणपतीला कागदाच्या कोपऱ्यात जेमतेम जागा उरली. माझ्या मते तो त्या दिवसातला सर्वात खरा गणपती होता. त्या मुलासाठी सणाचा अर्थ ताटातच होता. वडिलांनी वाकून क्रेयॉन घेतला आणि गणपतीभोवती मखर काढायला सुरुवात केली. मुलाने क्रेयॉन परत मागितला नाही. उठला आणि बाहेर खेळायला गेला. वडील बिचारे प्रेमानेच करत होते, त्यात शंका नाही. पण अवनींद्रनाथांची ती रात्र मला त्यानंतर फार वेळा आठवली.

असो. नंदलालांकडे परत येऊ. १९०९-१० च्या हिवाळ्यात ते आपल्या अजिंठ्याला आले. लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज बाईंनी लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करून घेण्याचं काम काढलं होतं, आणि भगिनी निवेदितांनी आग्रह करून कलकत्त्याच्या तरुण चित्रकारांना तिकडे धाडलं. मुक्काम फर्दापूरला. अंधाऱ्या लेण्यांत उभं राहून त्या रेषा गिरवताना जे हाताला लागलं, ते त्यांना आयुष्यभर पुरलं. पुढे १९१२ मध्ये जपानचे कलापंडित ओकाकुरा कलकत्त्याला आले असताना त्यांनी या मुलांना तीन काड्यांचा त्रिकोण करून दाखवला. एक काडी निसर्गाची, एक परंपरेची आणि एक स्वतःच्या प्रतिभेची. एक जरी काढली तरी त्रिकोण मोडतो. आपल्या देशातल्या कलाशिक्षणात तेव्हा पहिल्या दोन काड्यांवर भांडण चाललं होतं. तिसरीकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

१९१९ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केलं. नंदलाल तिथे आले, मध्ये कलकत्त्याला परतले, पुन्हा आले आणि १९२२ पासून प्रमुख झाले. १९५१ मध्ये निवृत्त होईपर्यंत जवळजवळ तीस वर्षं. या काळात तिथे जे चाललं त्याला शाळा म्हणावं की नाही असा प्रश्न पडतो. ठरावीक अभ्यासक्रमाचा आणि परीक्षांचा जाच नाही. मास्तर स्वतः आपलं काम करत बसलेले, मुलं भोवती आपापलं काम करतायत. मुली आणि मुलगे बरोबरीने. बघावंसं वाटलं तर उठून मास्तरांचं बघावं. दरवर्षी सगळे मिळून सहलीला जायचे, तंबू ठोकायचे, स्वयंपाक करायचा, स्केचिंग करायचं. आजूबाजूला संथाळांची गावं. त्यांच्या भिंती, त्यांची मडकी, त्यांचा नाच हासुद्धा अभ्यासच. मुलांच्या राहण्यासाठी मातीच्या भिंतींना डांबर फासून एक काळं घर बांधलं, कालो बाडी, आणि त्याच्या भिंतींवर विद्यार्थ्यांनी भारहूतपासून इजिप्तपर्यंतची शिल्पं उठवली. आपण आपल्या मुलांना भाड्याच्या घरात भिंतीला सेलोटेपसुद्धा लावू देत नाही!

नंदलालांच्या खिशात कोरी कार्डं असत. जिथे जातील तिथे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चित्र. एखादी शेळी, एखादं ताडाचं झाड, बाजाराला निघालेली बाई. अशी हजारो कार्डं त्यांनी काढली आणि कितीतरी विद्यार्थ्यांना पत्र म्हणून पाठवली. विद्यार्थ्याला पत्र पाठवायचं तर उपदेशाऐवजी चित्र पाठवायचं, ही मला फार सभ्य पद्धत वाटते.

पण त्यांची मूर्ती करून ठेवायचं कारण नाही. नंदलाल शिस्तीचे होते, त्यांच्या आवडीनिवडी पक्क्या होत्या. आणि एका बाबतीत तर त्यांना स्वतःलाच शिकावं लागलं. बिनोदबिहारी मुखर्जी नावाचा मुलगा कलाभवनात आला. त्याचा एक डोळा जन्मापासून निकामी आणि दुसऱ्याची दृष्टी अत्यंत अधू. असा मुलगा चित्रकार कसा होणार, म्हणून नंदलालांनी रवींद्रनाथांकडे शंका काढली. शंका रास्तच होती, कुठल्याही शिक्षकाने काढली असती. रवींद्रनाथांनी उलट एवढंच विचारलं, की तो मन लावून काम करतो का? करत असेल तर त्याच्या भविष्याची चिंता आपण नको करू या, ज्याने त्याने आपली वाट शोधावी. नंदलालांनी ते मानलं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या मुलाने पुढे शांतिनिकेतनात हिंदी भवनाच्या भिंतींवर १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचं जे भलंमोठं भित्तिचित्र केलं, ते विसाव्या शतकातल्या भारतीय कलेतल्या सर्वोत्तम कामांपैकी एक मानतात. पन्नाशीच्या आत-बाहेर असताना एका ऑपरेशननंतर त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली, तरी त्यांनी काम सोडलं नाही. कागद कातरून, बोटांनी चाचपून चित्रं केली. सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर 'दि इनर आय' हा माहितीपट केला. ज्यांना मिळेल त्यांनी जरूर पाहावा, वीसेक मिनिटांचाच आहे.

दुसरा शिष्य रामकिंकर बैज. बांकुड्याच्या एका गरीब नाभिक कुटुंबातला मुलगा, १९२५ मध्ये आला तो चित्रांची गुंडाळी घेऊन. नंदलालांनी चित्रं पाहिली आणि म्हणाले, की तुला तर सगळं येतंच, आता इथे काय शिकणार? बरं, दोन-तीन वर्षं राहा. रामकिंकर राहिले ते जन्मभर. आता गंमत अशी, की नंदलालांना तैलरंगांचं फारसं प्रेम नव्हतं, आणि रामकिंकर तैलरंगात काम करायचे. नंदलालांची रेषा संयमी, आणि रामकिंकरांचं सगळं दणदणीत. १९३८ मध्ये त्यांनी सिमेंट आणि लाल मातीतले खडे कालवून उघड्यावर संथाळ कुटुंबाचं शिल्प उभं केलं. सामानसुमान, पोरं आणि कुत्रा घेऊन कामाच्या शोधात निघालेलं, माणसापेक्षा मोठ्या आकाराचं कुटुंब. कुणा राजाचा नाही, देवाचा नाही, मजूर माणसांचा पुतळा! घर सोडून सामान बांधून निघण्याचं आपल्याला थोडंफार ठाऊक आहे, त्यामुळे फोटोतसुद्धा ते शिल्प बघताना वेगळं वाटतं. हे काम नंदलालांच्या कामासारखं कुठूनही दिसत नाही. आणि ते त्यांच्या अंगणात उभं आहे.

खुद्द सत्यजित राय १९४० ते ४२ या काळात तिथे विद्यार्थी होते. त्यांना खरं तर जायचंच नव्हतं, जाहिरात क्षेत्रात नोकरी हवी होती. एकदा त्यांनी गाय काढली. नंदलालांनी पाहिली आणि सांगितलं, की बाह्यरेषा ठीक आहे, पण गाय म्हणजे रेषा नव्हे, कातड्याखाली मांस आणि हाडं आहेत ती हाताला कळायला हवीत. झाडाविषयी सांगितलं, की फटकारा बुंध्यापासून वर न्यावा, कारण झाड तसंच वाढतं. बघा, यात गाय कशी काढायची ते कुठे सांगितलेलं नाही. राय अभ्यासक्रम अर्धवट सोडून कलकत्त्याला परतले. पण ज्यांनी 'पथेर पांचाली' पाहिलाय, त्यांना ती झाडं आणि ती माणसं कुठल्या डोळ्यांनी पाहिली असतील याचा थोडा अंदाज येईल.

आपली मराठी माणसंही तिथे होती. विनायक मासोजी आधी विद्यार्थी आणि मग तिथलेच शिक्षक. धारवाडचे दिनकर कौशिक विद्यार्थी म्हणून गेले आणि पुढे कलाभवनाचे प्रमुख झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी नंदलालांना कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवायला बोलावलं. १९३९ ते ४६ या काळात त्यांनी तिथे गंगावतरण, मीराबाई, महाभारत ही मोठमोठी चित्रं केली, अर्थात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन. आणि डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, तेव्हा गांधीजींनी सजावटीसाठी यांनाच गाठलं. मी चित्रकार, मंडप उभारणं माझं काम नव्हे, असं नंदलालांनी म्हणून पाहिलं. गांधीजी ऐकणारे थोडेच! मग बांबू, चटया, गवत, गावात जे मिळेल त्यातून अख्खं नगर सजवलं. जळगावकडच्या मंडळींनी घरच्या जुन्या माणसांना याविषयी जरूर विचारावं.

त्यानंतर गुजरातेत हरिपुरा. तिथे अधिवेशनासाठी जी चित्रफलकांची मालिका केली, ती जगप्रसिद्ध आहे. कुंभार, शिंपी, पैलवान, मृदंग वाजवणारा, दळणारी बाई. हाताने बनवलेल्या कागदावर मातीचे रंग. ऐंशीच्या वर फलक नंदलालांचे स्वतःचे, आणि विद्यार्थ्यांनी त्यावरून केलेले धरून एकूण चारशेच्या घरात. इथे कुणी म्हणेल, की मग नक्कल करायला लावलीच की! हो, लावली. पण तो वर्गातला धडा नव्हता. लग्नघरात सगळे मिळून बुंदी पाडतात तसं ते कार्य होतं, आणि रस्त्याने जाणाऱ्या शेतकऱ्याला चित्र दिसावं एवढाच त्याचा हेतू.

यातली काही चित्रं मी प्रत्यक्ष पाहिली ती अमेरिकेत. २००८ साली सॅन डिएगोच्या म्युझियमने नंदलालांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि उन्हाळ्यात ते फिलाडेल्फियाला आलं. एका शनिवारी आम्ही दोन कुटुंबं गाडी काढून गेलो. म्हटलं, मुलं कंटाळतील. नवऱ्याने तर पार्किंगमध्येच दीड तासाची मुदत देऊन टाकली. पण गांधीजींच्या दांडीयात्रेचं ते काळंपांढरं लिनोकट, १९३० चं, काठी टेकत निघालेले बापू, त्यासमोर माझी मुलगी उभीच राहिली. चेहऱ्यावर जेमतेम चार रेषा आहेत. तिने विचारलं, याला अजून काढता आलं असतं ना, मग थांबला का? मी उत्तर दिलं नाही, कारण तो प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा चांगला होता. त्याच साली, १९३० मध्ये, रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या बंगाली बालपुस्तकासाठी नंदलालांनी अशीच काळीपांढरी चित्रं करून दिली. बंगाली मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर अक्षरं शिकल्या. आपल्या रविवारच्या मराठी शाळेच्या वर्कशीट्समध्ये क्लिप आर्टचा जो सुळसुळाट असतो, तो पाहिला की मला त्या पुस्तकाचा हेवा वाटतो.

घटनेचं काम आलं ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर. नंदलालांनी पुन्हा आपली मुलं बरोबर घेतली. मजकूर लिहिला प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी, आणि चित्रं शांतिनिकेतनकरांची. अशोकस्तंभाच्या सिंहाचं काम दीनानाथ भार्गव या विशीतल्या मुलाकडे होतं. नंदलालांनी त्याला सिंह कसा काढायचा ते शिकवत न बसता कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं. जा, खरा सिंह बघ. आणि आपण सगळे ज्याची फ्रेम करून लावतो ते सरनाम्याचं पान, त्याची सगळी नक्षी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हा या शिष्याची. त्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात खाली, नक्षीत दडलेलं, राम असं इवलंसं नाव आहे. देशाच्या सर्वात मोलाच्या पानावर सही शिष्याची आहे, मास्तरांची नाही.

१९५४ मध्ये नंदलालांना पद्मविभूषण मिळालं. १६ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. कौशिक कलाभवनाचे प्रमुख असताना, १९७३ पासून, तिथे नंदन मेळा सुरू झाला. नंदलालांच्या वाढदिवसाच्या आधी, डिसेंबरच्या १ आणि २ तारखेला भरतो. विद्यार्थी आणि शिक्षक आपल्या हातच्या वस्तू, चित्रं, कॅलेंडरं मांडून विकतात आणि पैसे गरजू विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जातात. आपल्यापैकी बरेच जण ख्रिसमसच्या सुट्टीत भारतात जातात. एखाद्या वर्षी तिकिटं तीन आठवडे आधीची काढली, तर कलकत्त्याहून बोलपूर स्टेशन गाडीने तीनेक तासांवर आहे. मेळ्यात मोठ्या नावांची चित्रं घ्यायला गर्दी होते म्हणतात. मी गेले तर पहिल्या वर्षाच्या मुलांच्या टेबलापासून सुरुवात करणार आहे.